पटावरचे प्रश्न : कंसातली चाल कुठून सुरू होते?

प्रश्न : मुलीच्या बुद्धिबळाच्या शिक्षकांनी टिपणांसह एक डाव पाठवला आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो असा दिसतो (मोहऱ्यांची चित्रं मी शब्दांत लिहितो; × म्हणजे मारलं) : १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ ए६ ४. उंट ए४ (४. उंट×सी६ डी×सी६ ५. घोडा×ई५ वजीर डी४) ४... घोडा एफ६. लाकडी पट समोर घेऊन मी चाली मांडत गेलो. उंट ए४ वर ठेवला, मग तिथूनच त्याने सी६ वरचा घोडा मारला. पांढऱ्याने लागोपाठ दोन चाली कशा केल्या? आणि पुढची ‘घोडा एफ६’ मांडल्यावर डावाचा काही मेळच लागेना.

उत्तर : तुम्ही पट मांडून बसलात म्हणून हा प्रश्न पडला. नुसतं पडद्यावर बटण दाबत गेला असता तर पडला नसता, कारण तिथे सॉफ्टवेअर मोहरे आपणच योग्य जागी ठेवतं.

कंसातली पहिली चाल ही कंसाच्या आधीच्या चालीनंतरची नसते, तिच्याऐवजी असते. म्हणजे उंट ए४ वर ठेवला असेल तर तो आधी परत बी५ वर आणायचा आणि मग सी६ वर मारायचं. डाव फाईलमध्ये साठवण्याची जी पीजीएन पद्धत आज जवळजवळ सगळीकडे चालते, तिच्या १९९४ च्या नियमांतही हेच आहे : कंसाच्या लगेच आधीची चाल मागे घ्या, तिथून कंसातली खेळा. खूण आकड्यात आहे. कंसाच्या बाहेर ४, आत पुन्हा ४. तोच आकडा, त्याच रंगाची चाल, म्हणजे रस्त्याला फाटा फुटला.

तुमच्या उदाहरणात एक अडचण आणखी आहे. तिसऱ्या चालीला काळ्याचं प्यादं ए६ वर गेलं असलं तरी बी५ हे घर रिकामं आहे, त्यामुळे ए४ वरूनही उंट सी६ वर मारू शकतो. चाल नियमात बसते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. त्यातून डी-प्याद्याने उंट मारल्यावर तो पटावरूनच जातो, तेव्हा फाट्यातली पुढची स्थितीही अगदी बरोबर जुळते. वजीर डी४ वर येतो, ई५ वरच्या घोड्यावर आणि ई४ वरच्या प्याद्यावर एकदम नजर ठेवतो, आणि काळ्याला आपलं प्यादं परत मिळतं. शिक्षकांना हेच दाखवायचं असणार : ते ई५ चं प्यादं पांढऱ्याला फुकट मिळत नाही.

घोटाळा झाला तो कंस मिटल्यावर. तिथे फाट्यातलं सगळं पुसायचं आणि उंट ए४ वर असलेली स्थिती पुन्हा मांडायची. ‘४...’ मधली तीन टिंबं तेवढंच सांगतात : चौथी चाल, आता काळ्याची. हातात दोन पट असतील तर एकावर मुख्य डाव, दुसऱ्यावर फाटे. मी मुलांना गेली कित्येक वर्षं असंच वाचायला लावतो, आणि कंसात कंस येतो तिथे तर दुसरा पट नसेल तर मोठी माणसंही हरवतात.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये चाली दोन तऱ्हांनी दाखवता येतात. एकीत पांढऱ्या-काळ्याच्या चाली दोन स्तंभांत आणि फाटे त्यांच्या खाली, आत सरकवलेले. दुसरीत सगळं ओळीने, पुस्तकासारखं. तुम्ही पहिली निवडा. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यासाठी तीच बरी, कारण खेळलेला डाव डोळ्यासमोर सलग राहतो.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. डावात मागे जाऊन नवी चाल केली की काही प्रोग्राम विचारतात : नवा फाटा करू, की पुढचं खोडून त्यावर लिहू? मी एकदा घाईत दुसरं बटण दाबलं. एका विद्यार्थिनीने स्पर्धेत तीन तास खपून खेळलेल्या डावाच्या पुढच्या सगळ्या चाली गेल्या, आणि तिने लिहिलेला कागद तोवर हरवला होता. तेव्हापासून मूळ फाईलला हात लावत नाही. आधी प्रत काढतो, मग टिपणं. ‘फाटा वर आण’ ही आज्ञाही जपून वापरा, कारण तिने न खेळलेली चाल मुख्य डावात जाऊन बसते आणि खेळलेली कंसात जाते.

प्रश्न : सॉफ्टवेअरमधलं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, सुरू केलं की खाली तीन ओळी सारख्या बदलत राहतात. त्या साठवल्या जातात का? शेजारचा ‘+०.६’ कोणाचा?

उत्तर : आपोआप साठत नाहीत. ते इंजिनाचं त्या क्षणाचं मत असतं. खोली वाढली की, म्हणजे ते आणखी काही चाली पुढे पाहू लागलं की, मत बदलतं. ओळीवरच्या चालीवर टिचकी मारून ती डावात घेतलीत, तरच तिचा फाटा होतो. ‘+०.६’ म्हणजे पांढरा साधारण अर्ध्याहून थोड्या जास्त प्याद्याने बरा. काळा बरा असेल तर वजा. इंजिन स्वतः हा आकडा ज्याची चाल असेल त्याच्या बाजूने कळवतं, पण पडद्यावर बहुतेक सॉफ्टवेअर तो पांढऱ्याच्या बाजूने फिरवून दाखवतं. इंजिनाची ओळ जशीच्या तशी पंधरा चालींपर्यंत डावात ओतू नका. जिथे तिचं म्हणणं तुम्हाला पटलं तिथे तोडा आणि का पटलं ते एक वाक्य स्वतः लिहा. माझ्या जुन्या फायलींत वाक्य नसलेले फाटे आहेत, आणि आज ते का जोडले होते हे मला सांगता येत नाही.

प्रश्न : तीच फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर चालींपुढे $१, $६ असं काहीतरी दिसतं. फाईल बिघडली आहे का?

उत्तर : नाही, ठीक आहे. $१ म्हणजे ‘!’, चांगली चाल. $२ म्हणजे ‘?’, चूक. $६ म्हणजे ‘?!’, शंकास्पद. सॉफ्टवेअर हे आकडे वाचून पडद्यावर चिन्हं काढतं. महिरपी कंसात दिसेल तो मजकूर म्हणजे शिक्षकांची टिपणं. तो तिथेच वाचून घेतलात तरी चालेल, पण नोटपॅडमध्ये काही बदलून फाईल साठवू नका. एक कंस चुकून पुसला गेला तर फाटे कुठे मिटतात हे सॉफ्टवेअरला कळणार नाही.