पानगळीच्या दिवसांत छोट्या ट्रॉलरवर दिवसभर नदीत फिरायला बोलावलंय, जावं का? कंटाळा येतो का?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या एका जोडप्याने त्यांच्या ट्रॉलरवर एक दिवस यायला सांगितलंय, शरद ऋतू आहे, थंडी पडायला लागलीय, बोट ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर जात नाही, मग एवढा वेळ नुसतं बसून करायचं काय. नक्की जा. मी आणि माझा नवरा सात वर्षं अशाच बोटीवर फिरतोय आणि वर्षातला कुठला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी पानगळीतलाच निवडेन. उन्हाळ्यातल्यासारखी गर्दी नसते, स्पीडबोटींचा धिंगाणा नसतो आणि झाडांचे रंग पाण्यात उतरलेले असतात. पण हा दिवस उन्हाळ्यातल्या दिवसासारखा चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी त्या वेगाचं सांगते, कारण तुमची खरी शंका तीच आहे. ट्रॉलर म्हटलं की मासेमारीची बोट डोळ्यासमोर येते आणि आकार तिथूनच आलाय, जड बांधा, उंच नाळ म्हणजे पुढचं टोक, सावकाश चालणारं डिझेल इंजिन. राहायच्या-फिरायच्या ट्रॉलर १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या यार्डांमध्ये बनायला लागल्या आणि मग सगळीकडे पसरल्या. अशी बोट पाण्यावर उचलली जात नाही, पाणी बाजूला सारत जाते, आणि तसं जाताना स्वतःच एक लाट तयार करते. वेग वाढला की लाट लांब होते, ती बोटीएवढी लांब झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते, मग कितीही थ्रॉटल द्या, नुसतं डिझेल जळतं. पाण्याच्या रेषेवर बोट किती फूट लांब आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, नॉटमध्ये ही मर्यादा येते (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). आमची ३१ फूट आहे, म्हणजे साडेसात नॉटच्या जवळपास, आणि आम्ही साडेसहानेच चालवतो, ताशी १२ किलोमीटर, कारण त्या वेगाला इंजिन गुणगुणतं, ओरडत नाही.

आता नदीला ताशी ४ किलोमीटरचा प्रवाह असेल तर वर जाताना काठाच्या हिशोबाने तुम्ही ८ ने जाता आणि खाली येताना १६ ने, म्हणजे २४ किलोमीटर वर जायला तीन तास आणि परत यायला दीड. त्यामुळे तुमच्या यजमानांना एवढं जरूर विचारा की आधी कुठल्या दिशेला जायचंय. आमचा नियम आहे की एका दिवसाची फेरी असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध जायचं. दुपारी सगळे दमलेले असताना नदीच तुम्हाला घरी आणते, आणि वर जाताना कुठे वाळूत रुतलात तर प्रवाह बोटीला मागे ढकलून सोडवायला मदत करतो. खाली येताना रुतलात तर तोच प्रवाह अजून आत ढकलत राहतो.

सकाळी लवकर निघायचा हट्ट धरू नका. पानगळीच्या दिवसांत नदीचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि रात्री वरची हवा एकदम गार होते, मग पाण्यावरून वाफ उठते, पातेल्यातून उठते तशीच, आणि काठ दिसेनासा होतो. धुक्यात चालत्या इंजिनाच्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एकेक लांब भोंगा द्यायचा, ४ ते ६ सेकंदांचा, असा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि नद्यांवर बहुतेक ठिकाणी असंच काहीतरी असतं, पण खरं सांगू का, भोंगा वाजवत जाण्यापेक्षा दोर बांधलेलाच ठेवून थांबणं शंभर पटीने बरं. आमचा दिवस नऊ-साडेनऊला सुरू होतो. ते धुकं उठताना बघणं हाही दिवसाचाच भाग आहे, आधी पलीकडच्या झाडांचे शेंडे दिसतात, मग खोडं, मग मधल्या पाण्यावर एखादा बगळा दिसतो जो मघापासून तिथेच उभा होता.

आणि मग कंटाळा? छे. एवढ्या सावकाश जाताना नदी वाचता येते आणि एकदा वाचायला लागलात की दिवस पुरत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल असतं, आतल्या बाजूला वाळू साठलेली असते, त्यामुळे नकाशात सरळ दिसणारी वाट पाण्यात सरळ नसते. पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी खूण दिसली आणि तिचं टोक वरच्या दिशेला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे असेल तर तिथे खाली दगड किंवा ओंडका आहे. टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन अडथळ्यांमधली वाट असते. पानगळीत तर नदी स्वतःच सगळं दाखवते. गळलेली पानं प्रवाहाच्या मुख्य धारेत ओळ धरून जातात, पिवळी, तांबडी, आणि जिथे ती गोल फिरत बसलेली दिसतात तिथे भोवरा किंवा संथ पाणी आहे हे न सांगता कळतं. मी कितीतरी वेळा डेप्थ साउंडरच्या, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्राच्या आधी पानांवरून वाट धरलीय.

पण हीच पानं घातही करतात. दोन वर्षांपूर्वी वर जाताना तिसऱ्या तासाला मी सुकाणूवर होते आणि मागचा आवाज बदलला. या इंजिनांना गार ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि ते धुराबरोबर मागच्या नळीतून थुंकत थुंकत बाहेर पडतं, तो ओला आवाज इतका सवयीचा असतो की तो असताना ऐकूच येत नाही. त्या दिवशी तो कोरडा, पोकळ झाला. तापमानाचा काटा अजून जागेवरच होता. नवऱ्याने मागे वाकून बघितलं आणि ओरडला, पाणी येत नाहीये. उरलेल्या वेगात बोट मुख्य वाटेतून बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि आम्ही वर चाललो होतो म्हणून नाळ आधीच प्रवाहाकडे होती, नांगर सरळ खाली सोडता आला. तीन मीटर पाणी, त्यात नाळेची उंची धरून त्याच्या पाचपट, म्हणजे बावीसेक मीटर साखळी. नांगर धरल्याची खात्री केली आणि मग मी खाली गेले, आत पाणी घेणारा व्हॉल्व्ह बंद केला, गाळणीचं झाकण फिरवून जाळी बाहेर काढली. आत काळ्या पानांचा नुसता लगदा होता, चहाच्या चोथ्यासारखा, बोटांनी खरवडून काढावा लागला आणि पाणी इतकं गार की पाच मिनिटांत बोटं वळेनात. झाकण लावलं, व्हॉल्व्ह उघडला, कुठे गळत नाही ना बघितलं, इंजिन सुरू केलं आणि मागून पहिली पिचकारी उडाली तेव्हा आम्ही दोघंही एकदम हसलो. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचं छोटं चक्र असतं, ते कोरडं फिरत राहिलं की लवकरच त्याचे तुकडे होतात. म्हणून आता पानगळीत आम्ही निघायच्या आधी गाळणी उघडतोच आणि दुपारी थांबलो की परत बघतो. तुम्ही पाहुणे असलात तरी अधूनमधून मागे डोकावून पाणी येतंय का ते बघा, यजमानांना बरंच वाटेल.

वाटेत लॉक लागलं, म्हणजे दारं लावून आतलं पाणी वर-खाली करत बोट वेगळ्या पातळीवर नेणारी कोठी, तर तुम्हाला दोर धरायला देतील. तो खुंट्याला एक वेढा देऊन हातात धरायचा, गाठ कधीच मारायची नाही, कारण पाणी खाली उतरतं आणि बांधलेली बोट भिंतीला लटकते. मोठी मालवाहू बार्ज समोरून आली तर वळणाची बाहेरची बाजू तिची, तिला थांबायला खूप अंतर लागतं, आणि तिची केबिन तुम्हाला दिसत नसेल तर त्यांनाही तुम्ही दिसत नाही असंच धरून चालायचं.

थंडीचं म्हणाल तर हवेपेक्षा पाण्याची काळजी घ्या. लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा, गार पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरजोरात आत ओढला जातो आणि पोहता येणाराही तेव्हाच बुडू शकतो. आणि केबिन बंद करून हीटर लावणार असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते न लाजता विचारा. त्या वायूला ना वास ना रंग.

परतीची वेळ मात्र पक्की हवी. या दिवसांत अंधार लवकर पडतो, त्याच्याही आधी ऊन इतकं तिरकं होतं की पश्चिमेकडे जाताना पाणी नुसतं चकाकतं, आणि अर्धवट बुडालेला ओंडका त्या चकाकीत अजिबात दिसत नाही. आमच्या बोटीखालचा कणा बोट ढकलणाऱ्या पंख्याच्याही खाली जातो म्हणून पंखा वाचतो, पण तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा ऐकावासा वाटत नाही. चारपर्यंत आम्ही धक्क्याजवळ असतो.

खाली येत असल्यामुळे आधी धक्का ओलांडून पुढे जायचं, मोकळ्या पाण्यात बोट वळवायची आणि परत प्रवाहाकडे तोंड करून यायचं. त्या वेळी तुम्ही बाहेर येऊन बाजूला बघा. प्रवाहाचा वेग आणि बोटीचा वेग बरोबर जुळला की धक्का जागच्या जागी उभा राहतो आणि पानं मात्र बोटीच्या अंगाला घासत मागे जात राहतात, पुढे चाललोय की थांबलोय तेच कळत नाही. मग सुकाणू किंचित वळलं की बोट आडवी सरकत काठाला लागते. तेव्हा दोर तुमच्या हातात असेल, उडी मारू नका, धक्का पावलाच्या अंतरावर येईपर्यंत थांबा आणि नुसतं पाऊल टाका. ओली पानं तिथेही पडलेली असतात.