जुनी वर्तमानपत्रं एकट्याने विकत घेऊ नकोस

अगं, पहिल्याच वर्षी ‘ज्ञानप्रकाश’चे मायक्रोफिल्म रोल (पानांचे बारीक फोटो काढलेली फिल्म) आपल्या एकट्या लायब्ररीच्या बजेटमधून घ्यायला निघालीस, जरा थांब. १८४९ ला सुरू झालेलं पुण्याचं वर्तमानपत्र, १९०४ पासून तर रोज निघायचं, म्हणजे रोल किती होतील विचार कर. यासाठीच तर सगळ्यांनी वर्गणी काढून घ्यायची पद्धत आहे. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये दक्षिण आशियाचा असा प्रकल्प १९६७ पासून चालू आहे, आपल्यासारख्या लायब्रऱ्या पैसे घालतात, काय घ्यायचं ते मिळून ठरवतात, आणि एक कॉपी सगळ्यांना वापरता येते.

या प्रकल्पाला प्रस्ताव लिहिण्याआधी हे फिल्मिंग आधी कुणी केलंय का ते बघ, आणि अंकांची यादी स्वतः कर, तारखेवार. कॅटलॉगवर नुसतं ‘१८८१–१९००’ असं लिहिलं असलं तरी मध्ये सहा-सहा महिने गायब असतात गं. मी एकदा तसाच विश्वास ठेवला आणि रोल मशीनवर लावला तर प्लेगच्या वर्षाचे अंकच नाहीत, आणि संशोधकाला नेमके तेच हवे होते, फार वाईट वाटलं मला. पुरवण्या, जाहिरातींची पानंही मोज. जुन्या फिल्मचा डबा उघडून वास घे, व्हिनेगरसारखा आला तर ती फिल्म खराब व्हायला लागलीये, लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेव.

आणि ‘दीनबंधु’सारखं, सत्यशोधक चळवळीचं जुनं पत्र कुठे सुटे अंक का होईना मिळालं तर ते आधी सुचव, मी पाठिंबा देईन.