इयाच्या डोंगरात घर घेण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. जपानमधल्या तोकुशिमातल्या इया खोऱ्यातलं ते रिकामं घर इतकं स्वस्त कसं, असं विचारलंस. घर स्वस्तच असतं, पैसा आणि अंगमेहनत जाते ती नंतर. त्याच खोऱ्यातल्या नागोरो गावात तीसहून कमी माणसं उरली आहेत. शाळा २०१२ मध्ये बंद झाली. तिथल्याच रहिवासी त्सुकिमी आयानोंनी केलेल्या माणसाएवढ्या बाहुल्या तिथे माणसांहून कितीतरी जास्त आहेत. त्या बघायला पर्यटक येतात, पण गटार उपसायला हात मिळत नाही. म्हणून घराआधी कागद, पाणी आणि उतार बघ.

नोंदणी कार्यालयात शुल्क भरलं की मालकीचा उतारा कोणालाही मिळतो. त्यावर मालकाच्या आजोबांचं नाव दिसलं तर थांब. वारस नोंद झालेली नसली की ओसाका-टोकियोत पांगलेल्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आपल्या सातबाऱ्याचं दुखणं हेच. एप्रिल २०२४ पासून ही नोंद सक्तीची आहे, पण ती विकणाऱ्याने करून द्यायची, तू गळ्यात घेऊ नकोस. सोबत शेत असेल तर कृषी समितीची परवानगी लागते. किमान क्षेत्राची अट २०२३ मध्ये उठली, तरी कसणार कोण हे विचारतातच. आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही.

नगरपालिकेकडून दरडींचा नकाशा घे. घर लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात असेल तर विषय तिथेच संपव. जून १९८१ च्या आधीचं बांधकाम भूकंपाच्या जुन्या नियमांचं, तेव्हा मजबुतीचा खर्च धरूनच किंमत बोल. छपरावर पत्रा दिसला तरी खाली बहुधा जुना शाकार असतो; माळ्यावर चढून टॉर्चने ओल शोध.

पाण्याला मात्र वेळ दे. अशा वाड्यांमध्ये बरेचदा वरच्या झऱ्यावरून दोन-तीन घरांत मिळून एक पाइप ओढलेला असतो. मोठ्या पावसानंतर त्याच्या तोंडाशी पानं आणि गाळ अडकतो. जाळी साफ करायला कोण चढतं, पाळी कशी लावतात, हे शेजाऱ्यांनाच विचार, कारण ते कागदावर क्वचितच असतं. उणे ४ अंशांच्या आसपास उघडे पाइप गोठू लागतात. रात्री मुख्य झडप बंद करून नळ उघडे ठेव, म्हणजे पाणी निथळेल. तरी गोठलाच, तर पाइपला फडकं गुंडाळून कोमट पाणी घाल. उकळतं ओतलंस तर तडकेल. सांडपाण्याची शोधन टाकी असेल तर तिचा हवेचा पंप चोवीस तास चालू हवा. महिनाभर बाहेर जाताना मेन स्विच पाडणारे इथेच फसतात: हवा थांबते, घाण पचवणारे जिवाणू मरतात आणि परत आल्यावर दुर्गंधी.

शेत उतारावरचं आहे, काही ठिकाणी तर ४० अंशांचं, आणि पायऱ्या न काढता कसलेलं. या पद्धतीला २०१८ मध्ये जागतिक कृषी वारशाची मान्यता मिळाली, पण मान्यतेने काम हलकं होत नाही. शरदात उंच गवत कापून शंकूसारखं रचून वाळवायचं, वसंतात त्याचे तुकडे वाफ्यांत पसरायचे. ते माती धरतं, ओल राखतं, कुजून खत होतं. तरीही माती खाली सरकते, म्हणून ती दरवर्षी खालून वर ओढायची. पहिल्या वर्षी दोनच वाफे घे आणि कुट्टू (बकव्हीट) लाव. रानडुकरांसाठी विजेच्या तारा जमिनीपासून २० आणि ४० सेंटिमीटरवर बांध. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, आणि झटका बसत नाही हे डुकराला फार लवकर कळतं. माकडं दोन तारांना दाद देत नाहीत.

रस्त्याकडेचं गवत काढायला घरटी एक माणूस जातो. ते चुकवू नकोस. जमत नसेल तर वाडीच्या प्रमुखांना आधी सांग. गवत कापायच्या यंत्राचं पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे काप. पात्याची पुढची उजवी कड दगडाला लागली तर यंत्र उसळतं. दुसऱ्या माणसापासून १५ मीटर लांब राहा आणि उतारावर कोणाच्या खाली उभा राहून कापू नकोस.

सही करण्याआधी त्याच वाडीत, नाहीतर शेजारच्या, एक हिवाळा भाड्याने काढ. नगरपालिकेच्या रिकाम्या घरांच्या यादीत भाड्याची घरंही असतात. केरोसिनचे १८ लिटरचे डबे किती लागले ते लिहून ठेव, आणि मग मालकाशी किंमत बोल.