व्यस्त सारणीच्या मागे धावू नकोस

भावा, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलास, त्यामुळे सारण्यांची (मॅट्रिक्सची, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांची) धास्ती वाटणारच. पण समीकरणं सोडवायला व्यस्त सारणीची (इन्व्हर्स मॅट्रिक्सची) सूत्रं घोकत बसू नकोस. ओळींवरच्या क्रियांवर हात बसव.

आपल्या कोल्हापुरातलंच बिल घे. 2 मिसळ आणि 1 ताक, झाले 180 रुपये. शेजारच्या टेबलावर 3 मिसळ, 2 ताक, 280 रुपये. विस्तारित सारणीच्या (रेघेआधी सहगुणक, रेघेनंतर उजवी बाजू) ओळी झाल्या (2, 1 | 180) आणि (3, 2 | 280). दुसरीतून पहिली वजा कर, (1, 1 | 100) मिळेल. ती वर घे. आता (2, 1 | 180) मधून तिची दुप्पट वजा कर, उरलं (0, −1 | −20). ताक 20, मिसळ 80. अपूर्णांक कुठेच आला नाही, कारण ओळीतला पहिला आकडा 1 करायला आपण घाईनं भागाकार केला नाही. ही सवय लाव.

उभ्या रेघेपलीकडचा आकडा विसरू नकोस, बहुतेक मार्क तिथंच जातात. प्रत्येक पायरीशेजारी कुठल्या ओळीतून काय वजा केलं ते लिही.

क्रेमरची पद्धत (निश्चयकांच्या भागाकारानं उकल काढायची) दोन-तीन चलांपुरती ठीक, पुढं निश्चयक (डिटरमिनंट, सारणीतल्या आकड्यांवरून निघणारी एक संख्या) काढताना दमछाक होते. निश्चयक शून्य आला म्हणून ‘उकल नाही’ असं लगेच लिहू नकोस. शेवटी (0, 0 | 5) अशी ओळ उरली तर उकल नाही. पण (0, 0 | 0) उरली आणि बाकी ओळींत विसंगती नसेल, तर दोन चलांत अनंत उकली.

उत्तर मूळ समीकरणांत घालून बघ, मगच पान उलट.