एखाद्या झाडाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात, तर त्याचं औषध लगेच का येत नाही?

तुमच्या गावाकडच्या एखाद्या झाडाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, तर ती खरी असू शकते. पण काचेच्या बशीतल्या पेशी मारणं हा सोपा भाग आहे, त्या स्पिरिटनेही मरतात. कोणतं रसायन हे करतंय ते वेगळं काढणं आणि ते माणसाच्या अंगाला झेपवणं, वर्षं जातात ती तिथे.

मी वनस्पतींतल्या रसायनांवर काम करते. शिकताना माझ्या वाट्याला नरक्या आला. सह्याद्रीतलं, उग्र वासाचं झाड. त्याची पूड मिथेनॉलमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा, मग त्यातली रसायनं वेगवेगळी व्हावीत म्हणून तो सिलिकाची पूड भरलेल्या उभ्या काचेच्या कॉलममधून थेंब थेंब उतरवत बसायचं. खाली लावलेल्या कुठल्या नळीत काय उतरलंय हे बघायला प्लेटवर ठिपके देऊन ती अतिनील दिव्याखाली धरायची. त्यातला एक ठिपका निळाशार चमकतो, तो कॅम्प्टोथेसिनचा, म्हणजे नरक्यातल्या कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या रसायनाचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अख्ख्या लॅबला हाका मारल्या होत्या.

हे रसायन १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून काढलं. नरक्यात ते नंतर सापडलं. डीएनएचा पीळ सोडवायला एक एन्झाइम त्याचा एक धागा कापून पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी अडकतं, जोड लागत नाही आणि भराभर वाढणारी पेशी मरते.

पण ते पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्यात रेणूची एक कडी उघडली आणि गुण गेला. वर आम्लधर्मी लघवीत तीच कडी परत मिटायची, म्हणजे जहाल रूप तयार व्हायचं ते थेट मूत्राशयात. लघवीतून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबल्या. रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती १९९६ मध्ये. तीस वर्षं! आणि या रसायनाच्या मागणीपायी आपल्याकडचा नरक्या बेसुमार तोडला गेला, ते मला फार लागतं.

म्हणून कृपा करून बातमीतल्या झाडाचा काढा घरी कुणाला देऊ नका. बातमीमागचा मूळ शोधनिबंध मिळाला तर एक गोष्ट आधी बघा: तोच अर्क, तेवढ्याच प्रमाणात, निरोगी पेशींवर टाकून पाहिला होता का?