व्हिएतनामला, हनोईत शिकवायला निघालास? सुट्टीचं आधी ऐक

अरे, शनिवार-रविवारी फिरायचं स्वप्न लातूरच्या घरीच ठेवून जा. तिथल्या लँग्वेज सेंटरला खरी गर्दी तेव्हाच असते. सुट्टी मिळते सोमवार-मंगळवारी. एका अर्थी बरंच, जवळच्या निन्ह बिन्ह गावाची रेल्वे मोकळी असते, दोन-सव्वादोन तासांत पोचतोस. सापा या डोंगरातल्या गावाला रात्रीच्या गाडीनं जा, लाओ काई स्टेशनला उतरून. भाड्याची स्कूटर मात्र घेऊ नकोस, आपला आंतरराष्ट्रीय परवाना तिथं चालत नाही.

आणि तू माळकरी घरातला, म्हणून ‘आन चाय’ एवढं पाठ कर, म्हणजे शाकाहारी. नाहीतर साध्या पालेभाजीतही माशाचा सॉस पडतो. मी पहिला महिना भात आणि आईच्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. डबा उघडला की शेजारीण वास घेत दारात हजर!