मतदानाच्या दिवशी मित्रमैत्रिणींना काय कळवायचं?

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पुढच्या मतदानाच्या दिवशी शाळासोबत्यांचा ग्रुप सकाळपासून बंदच ठेवू का, असं विचारलं आहेस. नको ठेवूस. मी तर म्हणेन, त्या दिवशी रोजच्यापेक्षा चार ओळी जास्तच लिही. गेल्या वेळी तुमच्यात जे बिनसलं ते गप्पांमुळे बिनसलं नाही, एका प्रश्नामुळे बिनसलं. तू पाठवलेलं २० नोव्हेंबर २०२४ चं, विधानसभेच्या मतदानाच्या दिवसाचं संभाषण मी अथपासून इतिपर्यंत वाचलं, म्हणून खात्रीने सांगते.

दुपारपर्यंत काय चाललं होतं ते तूच पुन्हा वाचून बघ. सातच्या सुमारास नाशिकची मैत्रीण लिहिते, 'आमच्या बूथला अजून गर्दी नाही, बायकांची रांग वेगळी आहे, ऊन चढायच्या आत उरकून घ्या.' मग चाकणचा मित्र, रात्रपाळी करून आलेला, 'आधी झोपतो, मग बघू.' कुणाच्या आईची साखर वाढलेली, तिला रांगेत उभं करावं की नाही याची काळजी. कुणी बोटाचा फोटो टाकलेला, त्यात मागे पोह्यांची बशी. मस्कतला असलेल्याने 'माझं बोट कोरंच' म्हणून लिहिलेलं. आष्टीच्या मित्राने कळवलेलं की आईवडील ऊसतोडीला कऱ्हाडकडे गेलेत, तिथून मतदानाला येणं काही जमत नाही. आणि या सगळ्याखाली तू लिहिलंस, 'नुसता टाइमपास चाललाय, मुद्द्याचं कुणीच बोलत नाही.'

लेकी, मुद्द्याचं तेच होतं. मला या पत्रात एवढंच पटवून द्यायचं आहे.

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत त्यांच्या संसदेसाठी मतदान होतं. त्या दिवशी फेसबुकवर सुमारे ६ कोटी १० लाख लोकांना घेऊन एक प्रयोग झाला. काही जणांना 'आज मतदान आहे' एवढीच सूचना दिसली. बहुतेकांना त्याच सूचनेखाली, मत देऊन आल्याचं कळवणाऱ्या स्वतःच्या मित्रांचे चेहरे दिसले. २०१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कोरड्या सूचनेने मतदान वाढल्याचं दिसलं नाही. चेहऱ्यांनी वाढलं. चेहऱ्यांची सूचना स्वतः पाहिलेल्यांची सुमारे ६० हजार मतं वाढली आणि एकाचं बघून दुसरा गेला अशी सुमारे २ लाख ८० हजार, असा संशोधकांचा अंदाज होता. आणि हा पसरलेला परिणाम मुख्यतः जवळच्या मित्रांमध्ये दिसला. एखाद्या कंपनीने लोकांना न विचारता त्यांच्यावर असले प्रयोग करावेत हे मला मुळीच मान्य नाही. पण त्यातून जे कळलं ते गावात आपण कायम बघत आलोय. शेजारीण शाई लावून आली की घरातली उठते, पदर सारखा करते आणि निघते.

तुमच्या ग्रुपवरही तेच झालं. चाकणच्या त्या मुलाला 'लोकशाही बळकट करा' असं कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वाजता तो आपणहून लिहितो, 'सगळे जाऊन आले वाटतं, चला मीही निघतो.' त्याच निवडणुकीत कोल्हापुरातल्या करवीर मतदारसंघात ८० टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि मुंबईत कुलाब्याला ४५ टक्क्यांच्या आसपास. याची कारणं बरीच आहेत, मतदारयादीत राहिलेली जुनी नावंही त्यात आली. पण एक मला नेहमी जाणवतं. गल्लीत कोण जाऊन आलं आणि कोण राहिलं हे गावात दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. शहरात बंद दाराआडच्या माणसाला कोण हाक मारणार? तुम्ही दहाजण दहा गावांत पांगलात. एकमेकांना हाक मारायची तुमची जागा आता हा ग्रुपच आहे.

आता लिहायचं काय? जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना निवडणुकीच्या कामावर मी कितीतरी वेळा गेले. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने केंद्रावर जायचं, रात्री वर्गातच सतरंजी टाकायची. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मशीन नीट चालतंय हे दाखवायला निदान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान घ्यायचं, आकडे जुळवून दाखवायचे, ती मतं पुसायची, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, मगच मोहोरबंद करून सातला दार उघडायचं. तू मत द्यायला पोचतेस तोवर आतल्या लोकांचा अर्धा दिवस झालेला असतो. कधी लवकर गेलीस तर त्यांच्या डोळ्यांकडे बघ. ग्रुपवर लिहायला तेही पुरेसं आहे.

आणि नावं कान देऊन ऐक. पहिला मतदान अधिकारी यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, कारण प्रतिनिधींना ते ऐकू जायला हवं, आक्षेप घ्यायचा तर तेव्हाच घेता येतो. एका केंद्रावर एक म्हातारी आल्या होत्या. सगळं गाव त्यांना थोरल्या मुलाच्या नावाने अमक्याची आई म्हणायचं. अधिकाऱ्याने त्यांचं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव खणखणीत वाचलं. त्या क्षणभर थांबल्या, डोईवरचा पदर नीट केला आणि 'व्हय, मीच' म्हणाल्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांत. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं आणि त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. कितीतरी बायका त्या वेळी मताला मुकल्या, पण पुढच्या खेपेपासून नावं लागली ती स्वतःची लागली. तुझ्या पुढे उभ्या असलेल्या आजीचं नाव पुकारलं जाईल तेव्हा हे आठवून बघ, आणि काय दिसलं ते मैत्रिणींना लिही.

आता त्या प्रश्नाकडे येते. दुपारी दोनला कुणीतरी विचारलं, 'मग कुणाला दिलंस?' तिथून पुढचं वाचताना मला फार वाईट वाटलं.

मत गुप्त असतं ते नुसतं मशीनपुरतं नाही. मतदाराने गुप्तता पाळलीच पाहिजे असं १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे. समजावूनही कुणी ऐकलं नाही तर केंद्राध्यक्ष त्याला मत देण्यापासून थांबवू शकतो. मोबाइल आत नेऊ देत नाहीत तो त्यासाठीच. बटण दाबतानाचा किंवा व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीचा फोटो बाहेर गेला की पैसे वाटणाऱ्याला पुरावा मिळतो आणि धमकावणाऱ्यालाही. शाईच्या बोटाचे फोटो हवे तेवढे टाका, त्यातून मत दिल्याचं कळतं, कुणाला दिलं ते कळत नाही.

बाहेर आल्यावर कायदा तुझं तोंड धरत नाही, हे खरं. पण तुमच्यातल्या एकीचे वडील गावच्या सोसायटीत नोकरीला आहेत आणि सोसायटी कुणाच्या हातात आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिने त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं होतं? खरं सांगितलं आणि कुणी स्क्रीनशॉट पुढे पाठवला तर? खोटं सांगितलं तर ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसली त्यांच्याशीच खोटं बोलली. ती गप्प बसली. मग 'गप्प का, घाबरलीस का' असं विचारणारे निघाले आणि संध्याकाळी तिने ग्रुप सोडला. तू लिहितेस, ती चिडून गेली. मला नाही तसं वाटत. तुम्ही तिला उभं राहायला जागाच ठेवली नाही.

राजकारणावर बोलू नका असं मी म्हणत नाही. भरपूर बोला, भांडासुद्धा. पाणीपट्टी, शाळांची पटसंख्या, कांद्याचा भाव, आरक्षण, सगळ्यावर बोला. वर्षाचे बाकीचे दिवस त्यासाठी पडलेत, आणि समोरासमोर बसून बोललात तर फार उत्तम. मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत उमेदवारांनाही जाहीर सभा घेता येत नाही. माणसाला स्वतःशी विचार करायला तेवढी शांतता मिळावी असं कायद्यालाही वाटतं. मित्रांनी ती मोडू नये.

आणि पुढे ढकललेले संदेश. त्या दिवशी तुमच्याकडेही तो आलाच: 'यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, प्रदत्त मतं १४ टक्क्यांच्या वर गेली तर फेरमतदान होतं.' वर्षानुवर्षं हा संदेश फिरतोय आणि तो खोटा आहे. यादीत नाव नसेल तर कुठलंही ओळखपत्र दाखवून मत देता येत नाही. चॅलेंज म्हणजे आक्षेप, आणि तो घेतो उमेदवाराचा प्रतिनिधी, हा माणूस तो नव्हेच असं म्हणून, आणि त्यासाठी दोन रुपये भरतो. प्रदत्त मत निराळं. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ती पाकिटात वेगळी ठेवतात. १४ टक्क्यांचा असला काही नियम नाही. खोट्या आशेवर भरउन्हात केंद्रावर गेलेली आणि तिथे अधिकाऱ्यांशी हुज्जत घालणारी माणसं मी पाहिलीत. तो संदेश पाठवणाऱ्याला तेव्हा कळवळाच वाटत होता, यात मला शंका नाही. पण स्वतः न पाहिलेली गोष्ट त्या दिवशी पुढे पाठवायची नाही, एवढं तू पाळ.

त्यापेक्षा उपयोगाचं सांग. मतदार ओळखपत्र सापडत नसेल आणि यादीत नाव असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट अशांपैकी काही चालतं. संध्याकाळी सहाला दार बंद व्हायच्या वेळी जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येतं; रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे अशा क्रमाने चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. पावणेसहाला धापा टाकत निघालेल्याला 'ये तू, रांगेत उभा राहिलास की झालं' असं कळवणं म्हणजे एक मत वाचवणं आहे. चाकणच्या मित्राला कंपनीने सुट्टी दिली होती, ती मेहेरबानी नव्हती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच मतदानाची भरपगारी सुट्टी आहे आणि ती रोजंदारीवरच्यालाही लागू आहे. कुणाला नाकारली तर १९५० या मतदार हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करायला सांग.

शेवटी आष्टीच्या मुलाबद्दल. आईवडिलांचं मत राहिलं असं त्याने लिहिलं, त्याखाली दोन अंगठे आले आणि लगेच कुणीतरी दुसरंच काही टाकलं. त्या दिवसाच्या सगळ्या संभाषणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ऊस तोडायला गेलेला माणूस उचल घेऊन बांधलेला असतो. कोयता खाली ठेवून मताला यायचं तर मजुरीही बुडते आणि गाडीभाडंही जातं. दूर गेलेल्या मजुरांना आहे तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघ सांभाळू शकेल असं यंत्र पुढे आणलं, जानेवारी २०२३ मध्ये सगळ्या पक्षांना ते बघायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली. मस्कतच्या मित्राचंही तसंच. परदेशातून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. जे मत देऊ शकले नाहीत त्यांची बातमीही त्या दिवसाचीच बातमी आहे. त्याला विचारा, आई कुठल्या कारखान्याकडे आहे, कोपीत, त्यांच्या त्या झोपडीत, लाइट आहे का, धाकटी बहीण शाळेत जाते की त्यांच्याबरोबरच गेली.

तर आता कामाला लाग. ग्रुप सोडून गेलेल्या मैत्रिणीला फोन कर, संदेश नको. राजकारण काढू नकोस, तिच्या वडिलांची तब्येत विचार. पुण्याला गेल्यापासून तुझं नाव यादीत कुठे आहे ते तू लिहिलंच नाहीस. अजून गावालाच असेल तर फॉर्म ८ भरून हलवून घे, कारण मतदानाच्या दिवशी त्यात काहीच करता येत नाही. आणि नाशिकच्या मैत्रिणीला सांग, आजीचं वय ८५ च्या पुढे असेल तर विधानसभा-लोकसभेला घरी येऊन मत घेतात. त्यासाठी १२ डी हा फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावा लागतो. पुढच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली की तिला लगेच आठवण कर.

तुझ्या,
बाई